बारा मैलांच्या आत

केरेन्सा नॅनकॅरोची नोकरीतली वीस-बावीस वर्षं माशांच्या वाटण्या करण्यात गेली. दर डिसेंबरात युरोपच्या युनियनमधल्या सगळ्या देशांचे मंत्री ब्रसेल्सला जमायचे आणि पुढच्या साली कुणी कुठल्या समुद्रातून किती मासे काढायचे यावर दोन-तीन दिवस घासाघीस चालायची. मंत्र्यांना बांगडा कुठला आणि कॉड कुठला हे कळायचं नाही. ते कळणारी केरेन्सा त्यांच्या मागच्या खुर्चीत बसून कानात आकडे सांगायची. मंत्री बदलत, खुर्ची तीच. मधल्या काळात तिचं लग्न झालं, मोडलं, आई गेली, पण डिसेंबर म्हटला की ब्रसेल्स, हे काही चुकलं नाही.

म्हणून देशाने युनियनमधून बाहेर पडायचा कौल दिला, तेव्हा ऑफिसातले लोक तिला म्हणाले, "चला, तुझा डिसेंबर सुटला!" तिलाही थोडे दिवस तसंच वाटलं होतं.

सुटला कसला. बाहेर पडायचं म्हणजे काय, हे ठरवण्यातच वर्षांमागून वर्षं चालली. पंतप्रधान बदलले. तारखा पुढे गेल्या, पुन्हा पुढे गेल्या. करार झाला, पार्लमेंटने फेटाळला. पुन्हा झाला, पुन्हा फेटाळला. शेवटी कसेबसे बाहेर पडले, तर आता पुढचे व्यवहार कसे चालायचे याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. त्यात बँका होत्या, मोटारी होत्या, औषधं होती, आणि सगळ्यात शेवटी मासे होते. मासे कायम शेवटी. एवढ्याशा धंद्यासाठी एवढा मोठा करार अडतो म्हणून दोन्हीकडचे बडे लोक वैतागलेले असत, पण त्यावरून मागे हटायची हिंमत कुणाचीच नव्हती.

केरेन्साचं माहेर न्यूलिनचं. कॉर्नवॉलच्या टोकाचं मासेमारीचं बंदर. बंदरावरच्या चढावर घर, घरात म्हातारे वडील डेन्झिल एकटे, आणि खाली धक्क्याला धाकटा भाऊ जेगोचा ट्रॉलर. जेगो बोटीचा तांडेल, बापासारखाच. बाहेर पडायच्या बाजूने त्याने नुसतं मत दिलं नव्हतं, तर तो बोटीच्या डोलकाठीवर झेंडा चढवून महिनाभर समुद्रात फिरला होता. आणि बहीण वाटाघाटीत आहे म्हटल्यावर तर त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. "आपलं माणूस आत बसलंय," तो धक्क्यावर ज्याला त्याला सांगायचा.

त्या सप्टेंबरात ती चार दिवस घरी आली, तेव्हा धक्क्यावर पाऊल ठेवल्याबरोबर बर्फाचे क्रेट उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याने हाक मारली, "काय गं राणी, आणलास का आमचा समुद्र परत?"

"पिशवीत मावला नाही," केरेन्सा म्हणाली. सगळे हसले. जेगो हसला नाही. त्याने तिला बाजूला घेतलं.

"केर, मी तुला एकच सांगतो. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. पण बारा मैल सोडू नकोस."

किनाऱ्यापासून बारा मैलांपर्यंतचा समुद्र आपला, हे तत्त्व सगळ्यांनाच मान्य होतं. पण सहा ते बारा मैलांच्या पट्ट्यात जुन्या हक्काने फ्रेंच बोटी यायच्या. धक्क्यावरून दुर्बीण लावली की दिसायच्या. न्यूलिनच्या लोकांना त्या दिसण्याचाच जास्त त्रास होता.

"मी प्रयत्न करेन," ती म्हणाली.

"प्रयत्न नको. सोडू नकोस."

"जेगो, तुझे मासे खातं कोण? तू आणतोस त्यातले निम्म्याहून जास्त स्पेनला जातात."

"जाऊ देत की. मी मासे विकत नाही म्हणालोय का? आमच्या दारात येऊन धरू नका, एवढंच म्हणतोय. तुमच्या लंडनमध्ये असं कुणी परसात येऊन भाजी तोडली तर चालेल?"

यावर उत्तर होतं. पण ते द्यायला बसलं तर संध्याकाळ झाली असती आणि जेगोला भरतीबरोबर निघायचं होतं. त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली आणि गेला.

जेगोच्या रागाचं मूळ तिला ठाऊक होतं. तो एकोणीस-वीस वर्षांचा असताना, बोटी जास्त आणि मासे कमी झाले म्हणून सरकारने बोटी मोडायची योजना काढली होती. वडिलांची बोट तेव्हा गेली. उतारावर ओढून घेतली आणि तिच्यावर करवत चालवली. जेगो तिथे उभा राहून शेवटपर्यंत बघत होता. पुढे त्याने स्वतःची बोट केली, नाव कमावलं, पण ब्रसेल्स हा शब्द उच्चारला की त्याच्या जबड्याचा स्नायू उडायचा.

त्याच मुक्कामात ती वडिलांच्या पायांना मलम चोळत बसली होती. डेन्झिलचे गुडघे कधीचे गेलेले. बोलता बोलता ती म्हणाली, "डॅड, जेगो अजून तुमच्या बोटीचा हिशेब चुकता करायला बघतोय. आणि तो मला करायला लावतोय."

म्हाताऱ्याने खिडकीतून खाली धक्क्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मी स्वतः अर्ज केला होता गं."

"कसला?"

"बोट मोडायचा. कुणी जबरदस्ती केली नव्हती. यादीत पहिलं नाव माझं." त्याने पाय आखडून घेतला. "दमलो होतो. तुझ्या आईलाही सांगितलं नाही नीट. पहाटे उठायचं, उलट्या होईस्तोवर हलायचं, आणि जाळ्यात काही नाही. सुटतोय म्हणून बरं वाटलं मला. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो आणि दुपारभर झोपलो."

"जेगोला माहीत आहे?"

"त्याने कधी विचारलं नाही. आणि त्याला तो राग हवा होता. त्या रागावर त्याने बोट उभी केली. मी कशाला काढून घेऊ?"

केरेन्साने मलमाचं झाकण लावलं. तिच्या मनात आलं, एवढ्या मोठ्या राज्याची पंचवीस-तीस वर्षांची चिडचिड, तिच्यातही असे किती दमलेले बाप लपलेले असतील! पण हे लंडनला कळवायच्या टिपणात बसण्यासारखं नव्हतं.

ऑक्टोबरपासून ब्रसेल्स. साथीचे दिवस, त्यामुळे तोंडावर मास्क, खिडक्या उघड्या, अंगावर कोट घालूनच बसायचं. लांबलचक टेबलाच्या पलीकडे युनियनची माणसं आणि त्यांच्यात तिच्या बरोब्बर समोर यानिग.

यानिग हा ब्रिटनीचा, म्हणजे समुद्राच्या पलीकडच्या, फ्रान्सच्या अंगाचा ब्रेटन माणूस, गिल्व्हिनेकच्या कोळ्यांच्या घरातला. केरेन्सा मंत्र्यांच्या मागे जितकी वर्षं बसली तितकीच वर्षं तो युनियनच्या कचेरीत मासेच बघत होता. पहिल्या ओळखीत दोघांना एक गंमत सापडली होती. केरेन्साच्या आजोबांना जुन्या कॉर्निश भाषेतले थोडे शब्द येत. ते बांगड्याला 'ब्रिथेल' म्हणायचे. यानिगची आजी 'ब्रेझेल' म्हणायची. समुद्राला दोघांकडेही 'मोर'. तेव्हापासून डिसेंबरच्या बैठका संपल्या की दोघं एकत्र बसून बटाट्याचे तळलेले काप खायचे आणि आपापल्या मंत्र्यांच्या नकला करायचे. आता ते बंद होतं. साथीमुळे आणि नियमामुळे, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्राण नसल्यामुळे.

सकाळी केरेन्सा वाचून दाखवायची, "आमचा देश आता स्वतंत्र किनारी देश आहे, त्यामुळे आमच्या पाण्यात कुणी यायचं हे आम्ही ठरवू." यानिग वाचून दाखवायचा, "आमचे कोळी या पाण्यात पिढ्यान् पिढ्या येतात, आणि तुमचे मासे आमच्या बाजारात हवे असतील तर दोन्ही गोष्टी एकत्रच ठरतील." दुपारी त्रिकोणी, कडा वाळलेले सँडविच. मग पुन्हा तेच, फक्त एखादा शब्द बदललेला. बदललेल्या शब्दावर वकील बसायचे. चार दिवसांनी तो शब्द पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा. लंडनहून फोन यायचा, "ठाम राहा." पलीकडेही पॅरिसहून तसाच फोन येत असणार, कारण यानिग फोन घेऊन परत आला की त्याचे खांदे तिच्यासारखेच उतरलेले असायचे.

एकदा जिन्याजवळच्या उघड्या खिडकीशी दोघं कॉफीचे कप घेऊन लांब लांब उभे होते.

"माझा मेहुणा कोळीच. रोज विचारतो," यानिग म्हणाला. "म्हणतो, सहा मैलांपर्यंत जाऊ दिलं नाहीत तर ख्रिसमसला घरी येऊ नकोस."

"माझा भाऊ म्हणतो बारा."

"एक काम करू. दोघांना इथे आणून बसवू आणि आपण घरी जाऊ."

"ते दोघं तासाभरात मारामारी करतील."

"करू देत. निकाल तरी लागेल."

केरेन्सा हसली. खूप दिवसांनी हसल्यामुळे मास्कच्या आत गाल दुखले.

डिसेंबरचा तिसरा आठवडा उलटला. इंग्लंडमध्ये साथीचा नवा प्रकार निघाला म्हणून फ्रान्सने आपली हद्द बंद केली आणि डोव्हरच्या अलीकडे ट्रकांच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या. टीव्हीवर सारखी तीच चित्रं. करार झाला नाही तर रोजच असं होईल, हे कुणी मोठ्याने बोललं नाही तरी सगळ्यांना दिसत होतं. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा वरिष्ठ अ‍ॅलिस्टर बाहेर फोनवर बोलून आला. त्याच्या शर्टाची कॉलर मळली होती. तो तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"केरेन्सा, सहा मैल देऊन टाक."

"सगळीकडे?"

"दक्षिणेला, नैर्ऋत्येला. जिथे ते आधीपासून येतात तिथे. वरून ठरलंय."

"कॉर्नवॉलपुरतं तरी राखता आलं तर? बदल्यात मी दुसरा एखादा वाटा—"

"वेळ नाहीये गं," अ‍ॅलिस्टर हळूच म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "मला माहीत आहे तू कुठली आहेस. मी वाचून दाखवू का?"

"नको," ती म्हणाली. "मीच वाचते."

हे तिने शौर्य म्हणून केलं नाही. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या कानात आकडे सांगितले होते. आपल्या गावाचा आकडा दुसऱ्या कुणी चुकीच्या उच्चारात वाचावा हे तिला नको वाटलं, इतकंच. तिने वाक्य वाचलं. सरळ, सपाट. टेबलापलीकडे यानिगने मान वर केली.

"नक्की?" त्याने विचारलं. नियमाप्रमाणे त्याने असं विचारायला नको होतं.

"मला विचारू नकोस. लिहून घे."

त्याने लिहून घेतलं. त्याच्या बाजूच्या एका तरुण वकिलाने टेबलाखाली जिंकल्यासारखी मूठ आवळली, तर यानिगने त्याच्याकडे असं बघितलं की पोराने मूठ सोडली. मग दोघांनी उरलेल्या माशांची नावं एकेक करून तपासली. एका जागी एकच मासा दोन नावांनी दोनदा आला होता. दोघांनाही एकदमच दिसला. दुसरं नाव खोडलं. काम संपलं.

दुपारी टीव्हीवर घोषणा झाली. केरेन्सा हॉटेलच्या खोलीत बुटांसकट पलंगावर पडून होती. फोन वाजला.

"टीव्हीवर सगळे हसतायत," जेगो म्हणाला. "आपण जिंकलो म्हणतायत. तिकडे फ्रान्सवालेही हसतायत. तू सांग. सहा की बारा?"

तिच्याकडे तयार वाक्यं पुष्कळ होती. वर्षागणिक वाढत जाणारा वाटा, काही वर्षांनी फेरविचार. "सहा," ती म्हणाली.

पलीकडे टीव्हीचा आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला.

जानेवारीत ती न्यूलिनला आली. सगळीकडे पुन्हा घरबंदी होती, पण एकट्या म्हाताऱ्या बापाकडे राहायची मुभा होती, आणि कामही आता घरून, लॅपटॉपवरच चालायचं. जेगो वर यायचा बंद झाला. बापासाठी मासे दाराशी ठेवून, बेल वाजवून, ती दार उघडेपर्यंत चढ उतरून गेलेला असायचा. डेन्झिल खिडकीत बसून बघायचा.

मग एका सकाळी बेल वाजली नाही. डेन्झिलनेच सांगितलं, त्याला धक्क्यावरून कळलं होतं. जेगोचा माल अडकला होता. स्पेनला जायचे मेग्रिम, लेपासारखा चपटा मासा, इकडे फारसं कुणी खात नाही. आता तिकडे पाठवायचा तर जनावरांच्या डॉक्टरची सही लागायची, आणि सगळ्या बंदरांना मिळून डॉक्टर मोजकेच. सही झाली तर शिक्का चुकीचा. शिक्का सुधारला तर फ्रेंच प्रत नाही. ट्रक फेरीबोटीच्या रांगेतच इतका थांबला की पलीकडच्या व्यापाऱ्याने नको म्हणून कळवलं. तो माल फुकट गेला होता, आणि आज बोट भरून दुसरी खेप धक्क्यावर आली होती.

केरेन्साने कोट घातला आणि खाली गेली. जेगो शेडमध्ये उलट्या क्रेटवर बसला होता. दाढी वाढलेली, अंगात अजून पिवळे रबरी कपडे. समोर बर्फात मासे. त्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

"कागद आण, मी बघते," ती म्हणाली. "कुठे चुकलंय ते मला कळेल."

"तुला सगळंच कळतं."

ती दुसऱ्या क्रेटवर बसली.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं ना?" तो म्हणाला. "बारा मिळणार नाही म्हणून?"

"हो."

"सप्टेंबरात आलीस तेव्हाही?"

"त्याच्याही आधीपासून."

"मग सांगायचंस ना, केर."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," जेगो म्हणाला. "शिव्या घातल्या असत्या. पण सांगायचं असतं. मी इथे वर्षभर छाती पुढे काढून फिरलो. लोक आता तोंडावर काही बोलत नाहीत. बर्फवाला म्हातारासुद्धा. ते बोलत नाहीत हेच मला सोसत नाही."

गुप्ततेची शपथ होती, हे खरं होतं. पण शपथ नसती तरी तिने सांगितलं नसतं, हेही खरं होतं. वडिलांचं बोलणं तिच्या ओठांवर आलं. त्याने जेगोचा राग खाली बसला असता कदाचित, पण मग त्याच्याजवळ उरलं काय असतं? तिने ते गिळलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

जेगोने नाक पुसलं. तो रडत होता की थंडीने नाक गळत होतं, ते तिला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हे फेकायचं नाही मला. मागची खेप फेकली, आता हात होत नाही."

"मग इथेच विकू."

"इथे कोण खातंय मेग्रिम? मांजरंसुद्धा आधी वास घेऊन बघतात."

तरी त्यांनी धक्क्यावर टेबल मांडलं. जेगोने फळ्यावर खडूने लिहिलं, केरेन्साने फोनवरून गावच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरात मास्क लावलेली माणसं अंतर ठेवून रांगेत उभी राहिली. निम्मी कुतूहलाने, निम्मी दया म्हणून. गावात जन्म गेलेल्या बायका विचारत होत्या, "याला करायचं काय?" चढावरच्या खिडकीतून डेन्झिल ओरडत होता, "लोण्यात! नुसता लोण्यात परता! जास्त वेळ नको!" बर्फवाल्या म्हाताऱ्याने दोन घेतले, मग परत येऊन आणखी दोन घेतले. "काय रे," तो जेगोला म्हणाला, "एवढे दिवस हे असलं चांगलं त्या स्पेनवाल्यांना चारत होतास होय?" जेगो त्याला एक जोरदार शिवी देऊन हसला. सगळं काही खपलं नाही. पण बरंचसं खपलं, आणि उरलेलं मासे मीठ लावून ठेवणाऱ्या शेजारच्या घरांत वाटलं.

असं रोज चालणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. केरेन्साने त्याचे कागद नीट लावून दिले. पुढच्या खेपेला ट्रक उशिरा का होईना, पलीकडे पोचला. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा अडकला. जेगो वर यायला लागला. जेवायचा आणि जायचा.

महिनाअखेरीला एका सकाळी तो आला तेव्हा ती स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर डोकी जमत होती. एका चौकोनात यानिग, मागे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली टांगलेली भांडी.

"हे काय आता?" जेगोने विचारलं.

"वाटाघाटी. या सालचे मासे."

"करार झाला ना?"

"करारात लिहिलंय की दर साली बसून ठरवायचं. आधी आम्ही सगळे मिळून बसायचो, आता समोरासमोर बसायचं."

जेगो खुर्चीच्या मागे उभा राहून बघत राहिला. "हा फ्रेंच का?"

"ब्रेटन," पडद्यातून यानिग म्हणाला. "ऐकू येतंय मला."

जेगो जरा दचकला. मग वाकून तोंड पडद्याजवळ नेलं. "तुमच्या बोटींना सांगा, आमच्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवरून जाळी ओढत जाऊ नका. दोर तुटतात. पोरांचे पिंजरे गेले मागच्या आठवड्यात."

"कुठल्या बाजूला?"

जेगोने सांगितलं. अमक्या खडकाच्या पश्चिमेला, तमक्या दिव्याच्या खाली. यानिगने पेन घेतलं. "आमच्याकडे त्या जागेला दुसरं नाव आहे," तो म्हणाला. "मेहुण्याला सांगतो. ऐकेलच असं नाही."

"शिव्या घालेल."

"मला रोजच घालतो."

अध्यक्षांनी बैठक सुरू झाल्याचं सांगितलं. पहिला विषय, मागच्या बैठकीच्या टिपणातल्या शब्दांवर दोन्ही बाजूंचं म्हणणं. केरेन्साने वाचायला सुरुवात केली. जेगो डेन्झिलच्या आरामखुर्चीत बसून ऐकत होता. तो पहाटेच परतला होता. दुसरा विषय येईपर्यंत त्याची मान कलली, आणि तो घोरायला लागला. डेन्झिल दुसऱ्या खोलीत आधीपासूनच झोपलेला होता. केरेन्साने लॅपटॉपचा आवाज बंद केला, उठून जेगोच्या अंगावर पांघरूण टाकलं आणि परत येऊन बसली. पडद्यावर यानिगचे ओठ हलत होते. तो तिला काहीतरी विचारत होता. तिने आवाज चालू केला.

"हो," ती म्हणाली, "ऐकते आहे. पुन्हा एकदा सांग."